मापात पाप, डाव्या पायाचं

मी नऱ्ह्यातल्या एका कारखान्यात क्वालिटीला आहे. व्हर्नियर, मायक्रोमीटर, टॉर्क रेंच आणि त्यांचे कॅलिब्रेशनचे दाखले यांच्यात दिवस जातो. त्यामुळे सायकलला पॉवर मीटर, म्हणजे पाय किती वॅट ताकद लावतात ते मोजणारं यंत्र, घ्यायला गेलो, तेव्हा दुकानात तोंडातून पहिला प्रश्न निघाला तो, "कॅलिब्रेशन सर्टिफिकेट मिळतं का?" दुकानातला मुलगा माझ्याकडे बघतच राहिला. भेळवाल्याकडे चिंचेच्या पाण्याचा लॅब रिपोर्ट मागावा, तसं काहीसं झालं असावं.

घेतलं ते परवडेल ते. डाव्या क्रँकच्या आतल्या बाजूला चिकटवलेली काडेपेटीपेक्षा लहान डबी, आत नाण्याएवढा सेल. किंमत पंचवीस हजारांच्या पुढे. बायको म्हणाली, "एवढ्यात सेकंड हँड स्कूटी आली असती. आणि तिला पायही मारावे लागले नसते." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजूनही नाही.

ही डबी करते काय, ते थोडक्यात सांगतो. क्रँक म्हणजे जिच्या टोकाला पेडल असतं ती अल्युमिनियमची जाडजूड कांडी. डोळ्याला ती ढिम्म हललेली दिसत नाही, पण पाय दाबला की अगदी सूक्ष्म वाकते. तिथे चिकटवलेल्या पातळ धातूच्या पट्टीला ताण बसला, की तिचा विद्युतरोध बदलतो. ही पट्टी म्हणजे स्ट्रेन गेज. वाकण्यावरून टॉर्क, म्हणजे फिरवणारा जोर, कळतो, पाय मिनिटाला किती फेरे मारतोय ते अ‍ॅक्सिलरोमीटर सांगतो आणि दोन्हींच्या गुणाकारातून वॅट निघतात. १९८६ साली जर्मनीत उलरिच शोबेरर या इंजिनिअरने हे गेज सायकलच्या क्रँकवर बसवले आणि एसआरएम नावाचं मीटर तयार केलं. आज बाजारात जे काही मिळतं, त्यातल्या बहुतेकांचं कूळ तेच. फक्त माझ्यासारख्या स्वस्तातल्या मीटरमध्ये एक पळवाट असते. त्याला उजवा पाय दिसतच नाही. डाव्याचं माप घ्यायचं आणि दोनने गुणून मोकळं व्हायचं.

घेताना हे मला माहीत होतं. सगळेच तसं करतात, असं म्हणून मी ते सोडून दिलं. एखाद्या सप्लायरने अर्धीच बॅच तपासून बाकीची तशीच असेल असं लिहून दिलं असतं, तर त्याला मी गेटमधून आत घेतलं नसतं.

पहिलं वर्ष मजेत गेलं. वीस मिनिटं जीव तोडून सायकल मारायची, त्याच्या सरासरीचे ९५ टक्के धरायचे आणि त्याला आपली एफटीपी म्हणायचं, म्हणजे तासभर कशीबशी टिकवता येईल ती ताकद. माझी सरासरी आली २४८, एफटीपी २३६. वजन ७२ किलो, म्हणजे किलोमागे ३.२८ वॅट. पंचेचाळिशीच्या माणसाला हा आकडा बरा वाटतो. मी तो चार ठिकाणी सांगितला.

खटकलं ते सिंहगडावर. आमच्या ग्रुपमध्ये एक डॉक्टर आहे, माझ्यापेक्षा नऊ किलोंनी जड. रविवारी आम्ही दोघं घाट हँडलला हँडल लावून चढतो, कारण आमची दोघांची चालही सारखी आणि खोडही सारखी. त्याच्याकडे दोन्ही पेडलमध्ये मीटर आहे. वर पिठलं-भाकरी येईपर्यंत आकडे बघायची सवय. त्या दिवशी त्याचे २४५ आणि माझे २३६. मडक्यातल्या दह्याला चमचा लावताना डोक्यात हिशोब सुरू झाला. सायकलीसकट मी ८५ किलो, तो ९४. त्याच रस्त्याने, त्याच वेगाने नऊ किलो जादा वर न्यायचे, तर त्याला माझ्यापेक्षा तेवीस-चोवीस वॅट जास्त लागायला हवेत. नऊ वॅटमध्ये कसं भागलं?

"तुझे पेडल काटा मारतायत," मी म्हणालो.

"किंवा तुझा क्रँक," तो म्हणाला आणि माझ्यातलं अर्धं दही संपवलं.

आता हा धंद्याचा प्रश्न झाला. वजनकाट्यावर कुणी काटा मारला तर आम्ही त्याला मेमो देतो, आणि इथे माझ्याच सायकलवर मापात पाप. आधी हाताशी होते ते संशयित तपासले. पहिला संशय थंडीवर. स्ट्रेन गेज तापमानाला हळवा असतो; कंपन्या ते सॉफ्टवेअरमध्ये सावरून घेतात, पण पूर्ण नाही. माझी सवय अशी, की सकाळी साडेपाचला घरात, पंख्याखाली, झीरो ऑफसेट करायचा आणि मग डिसेंबरच्या गारठ्यात बाहेर पडायचं. क्रँक चोवीस अंशांवर असताना शून्य ठरवलं आणि बारा अंशांत वापरलं. मग सायकल पंधरा मिनिटं पार्किंगमध्ये ठेवून, अंगावर ताण नसताना शून्य करायला लागलो. पहिल्या तासातला तीन-चार वॅटचा घोळ गेला. सिंहगडाचा हिशोब मात्र होता तिथेच राहिला, कारण घाटाला लागेपर्यंत क्रँक हवेच्या तापमानाला आलेलाच असायचा.

दुसरा संशय केडन्सवर, म्हणजे पायाच्या फेऱ्यांच्या मोजणीवर. अ‍ॅक्सिलरोमीटरला खड्डे आवडत नाहीत. भोरच्या रस्त्यावर एका जागी माझी आयुष्यातली सर्वोच्च ताकद नोंदली गेली आहे, १६१२ वॅट. त्या क्षणी मी पेडल मारतही नव्हतो, खड्ड्यातून तोल सावरत होतो. पण घाटातला डांबरी रस्ता गुळगुळीत आहे. तोही संशयित सुटला. क्रँकची लांबी अ‍ॅपमध्ये १७२.५ मिलिमीटर अशी बरोबर होती. (डॉक्टरच्या पेडलवर मात्र १७२.५ असताना त्याचा क्रँक निघाला १७० चा. म्हणजे तो दीड टक्का स्वतःला फसवत होता. हे मी त्याला लगेच फोन करून सांगितलं.)

राहिली ती खरी तपासणी, माहीत असलेलं वजन टांगून टॉर्क वाचायचा. कारखान्यात प्रमाणित वजनं आहेत, पण ती गेटबाहेर न्यायला गेटपास लागतो, आणि गेटपासवर कारण लिहावं लागतं. "सायकलचा डावा पाय" असं लिहायची माझी तयारी नव्हती. म्हणून कोपऱ्यावरच्या धान्याच्या दुकानात गेलो. दुकानाच्या मागच्या अंगाला, गुळाच्या ढेपांच्या शेजारी, वीस किलोचं बिडाचं वजन धूळ खात पडलेलं मला आठवत होतं. इलेक्ट्रॉनिक काटा आल्यापासून ते दार उघडं ठेवायच्या कामी होतं.

"काका, दोन दिवसांसाठी नेऊ का?"

"न्या की. पण कशाला?"

"सायकल बरोबर मोजते का ते बघायचंय."

काकांनी वजन माझ्या हातात दिलं आणि काही बोलले नाहीत. गंमत म्हणजे त्यांच्या गल्ल्याशेजारचा तो इलेक्ट्रॉनिक काटा आतून माझ्या क्रँकचा सख्खा भाऊ आहे. त्याच्या पाट्याखालच्या लोड सेलमध्येही स्ट्रेन गेजच असतात. काकांचा काटा दरवर्षी शिक्का मारून घेतात, माझ्या क्रँकला कुणी विचारत नाही, एवढाच फरक.

वजनावरचा शिक्का जुना होता, म्हणून शंका नको म्हणत काकांच्याच काट्यावर ठेवून पाहिलं. बरोबर वीस. मग शनिवारी दुपारी गॅलरीत मांडामांड केली. मागचं चाक भिंतीला टेकवून ब्रेक पट्ट्याने आवळून बांधला. क्रँक आडवा करायला खालच्या मजल्यावर काम करणाऱ्या गवंड्याची पाणसळ मागून आणली. पाच अंश इकडेतिकडे झालं तरी ०.४ टक्क्याची चूक होते, म्हणून बुडबुडा मधोमध येईपर्यंत मी चेन एकेक दात पुढेमागे करत बसलो. पेडल काढून त्याच्या जागी आसाचा दांडा, दांड्याला पट्टा, पट्ट्याला वजन. पट्टा आणि हूक स्वयंपाकघरातल्या काट्यावर १४० ग्रॅम भरले, तेही धरले. गुरुत्वाकर्षण शाळेत शिकवतात ते ९.८१ घ्यायचं नाही. पुण्याच्या अक्षांशावर आणि उंचीवर ते ९.७८ च्या आसपास येतं. हा फरक ०.३ टक्क्याचा. आपण एका टक्क्याच्या मागे लागलो असताना तो सोडून कसं चालेल? गणित आलं ३३.९८ न्यूटन-मीटर.

वजन टांगलं. हँडल थोडंसं कुरकुरलं. अ‍ॅपच्या पडद्यावर आकडा दोन-तीन वेळा हलला आणि ३३.७ वर बसला. उतरवलं, शून्य केलं, पुन्हा टांगलं, ३३.७. दहा वेळा केलं. आठ वेळा ३३.७, एकदा ३३.६, एकदा ३३.८. आमच्या भाषेत याला रिपीटॅबिलिटी म्हणतात आणि ती झकास होती. खऱ्या मापापेक्षा ०.८ टक्क्याने कमी, म्हणजे उलट क्रँक माझे वॅट कमीच दाखवत होता. कपडे वाळत घालायला आलेली बायको वीस किलोचं वजन लटकलेल्या सायकलला वळसा घालून गेली.

मला खरं तर वाईट वाटलं. गुन्हेगार सापडेल या आशेने आलो होतो आणि आरोपी निर्दोष सुटला.

मग डॉक्टरकडून पेडल उसने घेतले. त्यांनाही त्याच गॅलरीतून, त्याच वजनाखालून जायला लावलं, डावं ३४.१, उजवं ३३.९. दोन्ही उत्तम. पुढच्या रविवारी डावा क्रँक माझा आणि त्यावर पेडल डॉक्टरचे, अशी एकाच सायकलवर दोन मीटरं लावून सिंहगडाकडे निघालो. क्रँकची नोंद सायकलच्या कॉम्प्युटरवर आणि पेडलची खिशातल्या फोनवर. फोनकडे बघायचं नाही, हे ठरवून.

घाटातला एक तुकडा मी आधीच नकाशावर मोजून ठेवला होता. सर्व्हे ऑफ इंडियाच्या नकाशात समोच्च रेषा वीस-वीस मीटरवर असतात. पंधरा रेषा ओलांडल्या की ३०० मीटर चढ. कॉम्प्युटरवर २३६ धरून चढलो, जसा वर्षभर चढत होतो. त्या तुकड्याला बरोबर २२ मिनिटं लागली. वारा पडलेला, रस्ता कोरडा, वरून येणारा एक पाण्याचा टँकर सोडला तर मोकळा.

वर जाऊन भज्यांच्या कागदावर गणित केलं. ८५ किलो ३०० मीटर वर न्यायला २,४९,३९० ज्यूल. त्याला १३२० सेकंदांनी भागलं तर १८९ वॅट. टायरच्या घर्षणाला सतरा धरले, बारा-साडेबाराच्या वेगाला हवेचा विरोध फारसा नसतो, त्याला नऊ. झाले २१५. पायापासून चाकापर्यंत जाताना चेनमध्ये तीनेक टक्के गळतात. म्हणजे पेडलवर लागले असणार साधारण २२२ वॅट. घर्षणाचे आकडे अंदाजाचे आहेत, नकाशावरच्या उंचीतही दोन-चार मीटर इकडेतिकडे होतील, पण चढावर बहुतेक सगळी ताकद वजन उचलण्यात जाते आणि वजन-उंचीच्या हिशोबात खोटं बोलायला जागा नसते. सपाटीवर हे गणित कुणी करू नये, तिथे वारा सगळं गिळून टाकतो.

क्रँक म्हणत होता २३६. आता खिशातला फोन काढला. पेडलची बेरीज २२५. त्याखाली बारीक अक्षरांत डावा ११९, उजवा १०६.

डावा ११९. क्रँकचे २३६ म्हणजे डाव्याचे ११८ गुणिले दोन. क्रँक आणि पेडल डाव्या पायाबद्दल एकाच वॅटच्या आत सहमत होते. चूक मोजण्यात नव्हतीच, गुणण्यात होती. माझा उजवा पाय वर्षभर फुकट बसून पगार घेत होता.

आणि त्याचं कारण मला ठाऊक होतं, फक्त मी ते सायकलशी कधी जोडलं नव्हतं. चार वर्षांपूर्वी पावसात जिन्यावरून घसरून उजव्या पायाचा घोटा मोडला होता. सहा आठवडे प्लास्टर. नंतर चालायला लागलो, मग पळायला लागलो आणि विषय संपला असं धरून चाललो. त्या रात्री शिंप्याची टेप घेऊन दोन्ही पोटऱ्या मोजल्या. उजवी दीड सेंटीमीटरने बारीक. टेप तीन वेळा लावली.

इथपर्यंत तरी मला वाटत होतं, की हरकत नाही, सगळ्या आकड्यांना पाच टक्के सूट देऊ आणि पुढे जाऊ. क्वालिटीत हे रोजचं आहे. गेज एका बाजूला ठरावीक चुकत असेल, तर दाखल्यावर तेवढी दुरुस्ती लिहितात आणि वापरतात. रोज सारखं चुकणारं माप चालतं. कधी इकडे कधी तिकडे चुकणारं चालत नाही. ग्रुपमध्येही लोक हेच सांगतात, आकडा खरा नसला तरी चालेल, रोज सारखा खोटा असला की झालं. मीही हे दहा जणांना सांगितलं होतं.

डॉक्टर महिनाभर परदेशी गेला होता, म्हणून पेडल माझ्याकडेच राहिले आणि मी दोन्ही मीटरं लावून हिंडत राहिलो. तेव्हा कळलं, की माझा खोटेपणा सारखा नव्हता. निवांत, दीडशे वॅटवर गप्पा मारत जाताना डावा-उजवा ५१-४९. घाटात जोर लावला की ५३-४७. आणि चार-पाच तास झाले, उजवी पोटरी थकली, की ५५-४५. म्हणजे ताज्या पायांवर क्रँक दोन टक्के जास्त दाखवणार आणि मी जितका दमणार तितका तो जास्त फुगवणार. दमलेल्या माणसाला ज्याची खरी गरज, तिथेच तो सर्वात जास्त खोटं बोलत होता, आणि तेही गोड.

यावरून मागच्या हिवाळ्यातलं एक कोडं सुटलं. दोनशे किलोमीटरच्या ब्रेव्हेला, म्हणजे ठरावीक मुदतीत पुरी करायच्या लांब पल्ल्याच्या राइडला, जिची मुदत साडेतेरा तास असते, मी परतीच्या एका चढावर पडद्यावर २०० वॅट बघत चढत होतो. २०० म्हणजे माझ्यासाठी आरामाचा आकडा. तरी माझ्या मागून निघालेली माणसं एकेक करून पुढे जात होती, पाय मेणाचे झाले होते आणि मी स्वतःला सांगत होतो, की वॅट तर ठीक आहेत, मनाचे खेळ आहेत. ५५-४५ धरलं तर खरे वॅट होते १८२. मन बरोबर होतं. मी पायांवर विश्वास ठेवायला हवा होता, पण पंचवीस हजार मीटरवर घातले होते.

शेवटी बचतीतून दोन्ही पायांचे पेडल घेतले. (बायकोने या वेळी स्कूटीचा उल्लेख केला नाही, नुसतं पाहिलं.) एफटीपी नव्याने काढली, २२३. किलोमागे ३.१. तेरा वॅट कुणी चोरून नेले नव्हते, ते कधी माझ्याकडे नव्हतेच, तरी चारजणांना सांगितलेला आकडा परत घ्यायला जड गेलं. मात्र इंटरव्हल, म्हणजे मध्ये दम खात जोर लावून मारायचे तुकडे, एकदम जमायला लागले. आधी चार-चार मिनिटांचे पाच इंटरव्हल ठरवले, की चौथ्याला मोडून पडायचो आणि स्वतःला आळशी म्हणायचो. आळशी नव्हतो, आकडा पाच-सहा टक्के चढा होता आणि पाच टक्के म्हणजे इंटरव्हलमध्ये डोंगर.

पुढच्या ब्रेव्हेला वाईहून पाचगणीला चढणारा पसरणी घाट मी १९० वर बांधून घेतला. सुरुवातीची दोन वळणं फार सावकाश वाटली, तीन-चार जण गाणी म्हणत पुढे गेले. त्यातले दोघं वरच्या टप्प्यात रस्त्याकडेला बसलेले भेटले. हार्ट रेटने हे मला कधी सांगितलं नसतं; ते जोर लावल्यानंतर मिनिटभराने जागं होतं आणि उन्हात उगाच दहा ठोके वर जाऊन बसतं. वेगाने तर अजिबातच नाही. आधीच्या दोनशेपेक्षा पाऊण तास लवकर पोचलो, पण त्यातला किती पाठीवरच्या वाऱ्याचा होता, ते वारा जाणे.

फिजिओथेरपिस्ट बाईंना मी आकड्यांचा तक्ता छापून नेला होता. त्यांनी तो बाजूला ठेवला, मला एका पायावर उभं केलं आणि टाच वर उचलायला सांगितली. डाव्यावर पंचवीस वेळा झालं. उजव्यावर अकराव्याला थरथरायला लागलं. "हे तुम्हाला फुकट कळलं असतं," त्या म्हणाल्या. पायरीच्या कडेवर एका पायाने टाच वर-खाली करायचा व्यायाम दिला, दिवसातून दोनदा. पाच महिने झाले. घाटात आता ५१.५-४८.५ असतं. पोटरी एक सेंटीमीटरने बारीक आहे अजून.

वीस किलोचं वजन परत द्यायला गेलो तेव्हा काकांनी विचारलं, "मग, बरोबर होती का सायकल?"

"सायकल बरोबर होती," मी म्हणालो.

जुना क्रँक विकायला काढला. नाशिकहून एका मुलाचा फोन आला. आवाजावरून कॉलेजचा असावा. बॅटरी, मॉडेल, पेडलची आटी शाबूत आहे का, सगळं विचारून झालं आणि मग तो मुद्द्यावर आला.

"सर, अ‍ॅक्युरेट आहे ना?"

"तुझा उजवा पाय कधी मोडला होता का?"

तो थोडा गप्प झाला. "नाही सर. डावा गुडघा दुखतो पण अधूनमधून."

"मग वॅट कमी दिसतील तुला."

"बरं," तो म्हणाला. "मग दोन हजार कमी करा ना, सर."